सगळी चर्चेस सारखीच दिसतात? एकदा मान वर करून बघा

प्रश्न वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही कळेल. मे महिन्यात आईबाबांना घेऊन १२ दिवस इटली आणि शेवटी पॅरिस असा प्लॅन आहे. मागच्या ट्रिपला तिसऱ्या चर्चनंतर बाबा "हे कालचंच ना?" म्हणायला लागले. रोमनेस्क, गॉथिक, रेनेसान्स ही नावं व्हिडिओ बघून दोनदा पाठ केलीत आणि दोनदा विसरलात. इटलीत भिंतभर चित्रं आणि फ्रान्समध्ये काचा असं का, हेही विचारलंय. आणि शेवटचा उपप्रश्न, की रोमन लोक गेल्यावर युरोप हजार वर्षं झोपला होता आणि मग एकदम सगळे हुशार झाले, हे कसं काय.

मी आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच काम, वाडे, देवळं, एकदोन चर्चही केलीत, २२ वर्षं झाली. मध्ये काही वर्षं कॉलेजात हिस्टरी शिकवली आणि पोरांना घेऊन तीनदा इटलीला जाऊन आलो. तेव्हा हे उत्तर गवंड्याच्या बाजूने दिलेलं समजा. चित्रातली भावना, रंगातलं दुःख वगैरे हवं असेल तर त्यात माझी गती बेताची आहे.

पाठांतर होत नाही याचं कारण तुमची मेमरी नाही हो. ही सगळी नावं मागाहून चिकटवलेली आहेत. पॅरिसजवळ ११४० साली जो गवंडी दगड घडवत होता त्याला आपण गॉथिक बांधतोय याचा पत्ताच नव्हता. गॉथिक ही तर इटालियन लोकांनी दिलेली शिवी, म्हणजे गॉथ टोळ्यांसारखं रानटी काम. व्हाझारी नावाच्या चित्रकाराने १५५० मध्ये कलाकारांची चरित्रं छापली, त्यात हा सूर एकदम जोरात आहे, आणि आपल्या लोकांनी कला परत जन्माला घातली (रेनेसान्स म्हणजे हाच पुनर्जन्म) हेही त्याचंच म्हणणं. रोमनेस्क हा शब्द तर १९ व्या शतकातला. आता लेबलं अशी उशिरा लागलेली, आणि आपण बघतो काय, तर नक्षी, पुतळे, सोनं. नक्षी सगळीकडेच असते, मग सगळं एक होऊन जातं.

मी पोरांना एकच सांगायचो, आत शिरल्यावर आधी वर बघा. छत कशाचं आहे, आणि त्याचा भार खाली जमिनीपर्यंत कुठल्या रस्त्याने येतोय. एवढं एक कळलं की खिडकी लहान का, भिंत जाड का, खांब एवढे जवळ का, चित्र भिंतीवर का काचेवर, सगळं मागोमाग येतं. माझ्या मते तरी. पुतळे आणि पेंटिंगमध्येच रस असणाऱ्याला हे रुक्ष वाटेल, आणि तुमच्या बाबांना काय आवडतं यावरही बरंच अवलंबून आहे. पण "कालचंच ना" यावर एवढा जालीम उपाय मला दुसरा माहीत नाही.

कमानीचं एक आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका वाड्याच्या दुरुस्तीला मी साइटवर होतो, ओळीने पाच विटांच्या कमानी, आणि मालकांना गाडी आत घ्यायला टोकाची जाड भिंत काढून हवी होती. मी ड्रॉइंगवर बघितलं, भिंतीवर वरचा काहीच भार नाही, म्हटलं काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या कमानीच्या माथ्यावर चीर, दहाचं नाणं आरामात आत जाईल एवढी. आमचा म्हातारा गवंडी काही बोलला नाही, गुपचूप दोन वासे आणून टेकू लावले आणि मग म्हणाला, "साहेब, कमान खाली नाही पडत, ती बाजूला पळते, भिंत तिला धरून होती." पाच वर्षं कॉलेजात जे डोक्यात गेलं नाही ते त्या चिरीने शिकवलं. कमान, घुमट, दगडी छत, काहीही घ्या, ते कडेला रेटा देतं. त्या रेट्याचं काय करायचं, हा प्रश्न युरोपातले लोक दीड हजार वर्षं सोडवत बसले होते.

ग्रीकांनी तो प्रश्न घेतलाच नाही. पार्थेनॉन, अथेन्स, इ. स. पू. ४४७ ते ४३२. खांब आणि वर आडवी दगडी तुळई, संपलं. कमान नाही त्यामुळे रेटा नाही. पण दगड दाबाला पक्का आणि ताणाला कच्चा, लांब दगडी तुळई मधोमध तडकते, म्हणून खांब जवळ जवळ, पुढे ८ आणि बाजूला १७. आत मोठा मोकळा हॉल नाही, आणि त्यांना तो नकोच होता, आत देवीची मूर्ती, पूजा-बळी सगळं बाहेर वेदीवर. छत चक्क लाकडाचं होतं, वर संगमरवरी कौलं. तुळईवर ज्या तीन तीन रेघांच्या पट्ट्या दिसतात त्या मूळ लाकडी वाशांच्या टोकांची दगडातली आठवण आहे असं व्हिट्रुव्हियस या रोमन आर्किटेक्टने लिहून ठेवलंय. आपल्याला हे नवीन वाटू नये, कार्ल्याच्या चैत्यगृहात डोंगर कोरून काढलाय तरी आत वर लाकडी फासळ्या बसवल्यात, ज्यांचं काम काहीच नाही. माणूस मटेरियल बदलतो पण सवय लगेच सुटत नाही. डोरिक-आयोनिक-कोरिंथियन हे खांबांचे प्रकार पाठ करायचेच असतील तर एवढं पुरे: साधी थाळी डोक्यावर असली की डोरिक, दोन बाजूला गुंडाळ्या असल्या की आयोनिक, पानांची परडी असली की कोरिंथियन. कोलोसियमला बाहेरून खालून वर याच क्रमाने तिन्ही मिळतात (तळाचा डोरिकचा इटालियन भाऊ आहे, पण राहू दे). आणि गंमत म्हणजे तिथे ते खांब भिंतीला चिकटवलेली सजावट आहेत, भार कमानी घेतायत.

आता रोम. तुमच्याकडे रोमला एकच तास असेल तर तो पँथिऑन या जुन्या रोमन देवळाला द्या, व्हॅटिकनची लाइन सोडून द्यावी लागली तरी. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण इ. स. १२६ च्या सुमारास पुरं झालेलं. घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्याच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोल बसेल. काँक्रीटचा आहे आणि आत एकही सळई नाही. बिनसळईच्या काँक्रीटचा यापेक्षा मोठा घुमट जगात आजही नाही. कसा उभा राहिला? चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळायचे, ती पाण्याशी बांधून घट्ट होते. आणि खडी बदलत नेली, खाली जड दगड, मग विटा नि टफ हा ज्वालामुखीचा हलका दगड, आणि माथ्याजवळ प्युमिस, तोच पाय घासायचा दगड, जो पाण्यावर तरंगतो. खाली कवच जवळपास ६ मीटर जाड, माथ्याशी सव्वा मीटरच्या आत. आतून जे चौकोनी खोलगट कप्पे दिसतात ते पाच ओळींत २८-२८ आहेत, त्यांनीही वजन थोडं उतरतं. माथ्यावर, जिथे भार नेणं सगळ्यात अवघड, तिथे सरळ जवळजवळ ९ मीटरचं भोकच ठेवलं. आणि रेटा? तो ६ मीटर जाडीची भिंत गिळते. अक्कल आहेच, पण त्याबरोबर मुबलक पैसा, मजूर आणि वीटभट्ट्याही आहेत, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाऊस असेल तर आवर्जून जा, पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या छोट्या भोकांतून निघून जातो, लोक भोवती गोल करून बघत उभे. मे-जूनमध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा रविवार तुमच्या तारखांत बसला तर त्या दिवशी त्या भोकातून लाल गुलाबाच्या पाकळ्या टाकतात, आईंना आवडेल. आणि ही इमारत टिकली ती देखणी म्हणून नव्हे, ६०९ मध्ये तिचं चर्च केलं म्हणून. वापरात राहिलं ते वाचलं. मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा ब्राँझ पुतळाही असाच वाचला, लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते. बाकीचे ब्राँझ बरेचसे वितळवून टाकले.

मग युरोप झोपला का? नाही हो. पश्चिमेला पैसा, रस्ते आणि शहरं गेली. दहा लाखांच्या आसपासचं रोम काही शतकांत पन्नास हजारांच्याही खाली आलं. गिऱ्हाईकच नाही तर एवढं काँक्रीट ओतायचं कुणासाठी? पण त्याच वेळी पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, जस्टिनियनने ५३२ ते ५३७ अशा पाच वर्षांत हागिया सोफिया हे चर्च उभं केलं. चौकोनी खोलीवर गोल घुमट, कोपऱ्यात त्रिकोणी वक्र तुकडे घालून बसवलेला, तळाशी ४० खिडक्या, त्यामुळे घुमट हवेत असल्यासारखा वाटतो. ५५८ मध्ये तो पडला, रेटा बाजूच्या भिंतींनी नीट पेलला नव्हता, मग परत जास्त उंच करून बांधला, कारण उंच घुमट कडेला कमी ढकलतो. आता ही काय झोपलेल्यांची कामं आहेत?

आणि पश्चिमेत ख्रिस्ती लोकांनी एक फार व्यवहारी निर्णय घेतला. देवळाचा नमुना घेतलाच नाही, कारण देऊळ म्हणजे देव आत आणि माणसं बाहेर, यांना माणसं आत बसवायची होती. म्हणून रोमन कचेरीचा, कोर्टकामाचा लांबट हॉल उचलला, बॅसिलिका. रोममध्ये सांता सबिना बघा, ५ व्या शतकातलं, गर्दी फार नसते. २४ कोरिंथियन खांब, सगळे कुठल्यातरी जुन्या इमारतीतून आणलेले, वर पातळ भिंत, वर लाकडी छत. लाकडी छत हलकं, म्हणून भिंत पातळ चालते आणि खिडक्या मोठ्या चालतात. हे चित्र डोक्यात ठेवा, फ्लॉरेन्सला परत भेटणार आहे.

लाकडाचा प्रॉब्लेम उघड आहे, जळतं. मेणबत्त्या, वीज, लुटारू. म्हणून हजार सालानंतर थोडी स्थिरता आली, यात्रेकरूंचा पैसा वाहायला लागला, तसं जागोजागी दगडी छत घालायला सुरुवात झाली. दगडी छत म्हणजे रेटा, रेटा म्हणजे जाड भिंत, जाड भिंत म्हणजे लहान खिडकी. अंधार, गोल कमानी, किल्ल्यासारखा दणकटपणा दिसला की तुमचं रोमनेस्क. इटलीत मात्र फसाल, तिथे बऱ्याच रोमनेस्क चर्चना लाकडी छतच आहे, पिसाच्या कॅथेड्रलला (म्हणजे शहराच्या मुख्य चर्चला) सुद्धा. मिलानला उतरणार असाल तर सांत'अँब्रोज्यो बघा, तिथे दगड-विटांची जाड फासळ्यांची छतं आहेत. पिसाला मनोऱ्याला हात लावून फोटो काढायला मी ना म्हणत नाही पण त्यासाठी अर्धा दिवस मी घालवणार नाही. सॉरी.

गॉथिकची अर्धी गोष्ट टोकदार कमानीत आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते, त्यात तुमचं काही चालत नाही. रुंदी बदलली की उंची बदलली, मग आयताकृती खणावर चारी बाजूंच्या कमानी एका उंचीला आणायच्या म्हणजे डोकेदुखी. टोकदार कमान हवी तेवढी उंच किंवा बसकी करता येते, शिवाय कडेला कमी ढकलते. त्यात फासळ्या आल्या, भार फासळ्यांतून ठराविक चार जागी उतरायला लागला, आणि त्या जागी बाहेरून टेकू दिला की मधल्या भिंतीचं कामच उरलं नाही. हे सुटे सुटे तुकडे आधीही होते, इंग्लंडमध्ये डरहॅमच्या कॅथेड्रलच्या १०९३ मध्ये सुरू झालेल्या कामात फासळ्या आहेतच. एकत्र जमवून आणले ते पॅरिसच्या उत्तरेला सां-दनीच्या चर्चमध्ये, मठाधिपती स्युजेने, ११४४ मध्ये. मेट्रोच्या १३ नंबर लाइनने थेट जाता येतं आणि नोत्र-दामच्या मानाने तिथे शांतता असते. नोत्र-दामला २०१९ मध्ये आग लागली तेव्हा टीव्हीवर जे भडकलेलं दिसलं ते वरचं लाकडी छप्पर. त्याच्या खालचं दगडी छत दोनतीन जागी फुटलं पण बाकी टिकलं. हेच तर त्याचं काम, ८०० वर्षांनी ड्यूटी केली.

पॅरिसमध्ये सँत-शापेल चुकवू नका, १२४८. भिंत नाहीच, १५ उंच खिडक्या आणि मध्ये काड्या. नवव्या लुईने ख्रिस्ताचा काट्यांचा मुकुट विकत घेतला आणि तो ठेवायला हे बांधलं. मुकुटाला १,३५,००० लिव्र आणि इमारतीला ४०,०००, असे आकडे सांगतात. म्हणजे दागिन्याच्या डबीची किंमत दागिन्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. दगडाच्या आत लोखंडी पट्ट्या लपवल्यात, शुद्धतावाद्यांना सांगू नका. आणि ही उंचीची शर्यत किती ताणायची? फ्रान्समध्येच बोव्हेच्या कॅथेड्रलला ४८ मीटरवर छत नेलं आणि १२८४ मध्ये ते कोसळलं. त्या काळी कॅल्क्युलेशन नव्हतं, उभं राहिलं तर बरोबर, पडलं तर पुढच्या वेळी जाड.

आता चित्रांकडे येतो, कारण तुम्ही विचारलंय की इटलीत भिंतभर चित्रं आणि फ्रान्समध्ये काचा असं का. फ्रान्सने भिंत काढून टाकली, मग गोष्टी सांगायला काच उरली. इटलीत ऊन भरपूर, एवढ्या खिडक्या कुणाला हव्यात, आणि जुन्या रोमन इमारती डोळ्यांसमोर, त्यांनी भिंती ठेवल्या. भिंत होती म्हणून जोत्तोसारखा चित्रकार मिळाला असं मी वर्गात म्हणायचो, जरा अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. पादुआचं स्क्रोवेन्यी चॅपल, १३०५ च्या सुमाराचं, सावकारी करणाऱ्या श्रीमंत घराण्याने बांधलेलं. बाहेरून गोडाऊन वाटेल. खिडक्या एका बाजूला, दुसरी लांब भिंत पूर्ण बंद, वर निळं छत. येशूच्या प्रेताभोवतीचा जो प्रसंग आहे त्यात दोन बायका आपल्याकडे चक्क पाठ करून बसल्यात, चेहरा दिसत नाही तरी पाठीवरून कळतं काय चाललंय. त्याआधीच्या चित्रांत लोक पोस्टर लावल्यासारखे समोर बघत असतात.

फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग. चुना वाळताना रंग आत धरून ठेवतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. जवळ जाऊन तिरक्या उजेडात बघितलंत तर त्या एकेका दिवसाच्या कामाच्या कडा दिसतात, चेहरा असेल तर छोटा तुकडा, आकाश असेल तर मोठा. आमच्या साइटवर गिलाव्याचा जोड लपवायला गवंडी कोपरा शोधतो तसंच ते लोक कपड्याच्या घडीशी जोड लपवायचे. (अजिंठ्याला फ्रेस्को म्हणतात ते चूक आहे, तिथे वाळलेल्या मातीच्या थरावर रंग आहेत, त्यामुळे दुरुस्तीचे नियमही वेगळे.) एक फटका मी खाल्लाय तो तुम्ही खाऊ नका: स्क्रोवेन्यीला आधी वेळ बुक करावी लागते, आत सोडण्याआधी १५ मिनिटं एका बंद खोलीत बसवतात, बाहेरची दमट हवा आत जाऊ नये म्हणून, आणि मग आत साधारण १५ मिनिटं. पहिल्या वेळी मी १९ पोरांना घेऊन बुकिंगशिवाय गेलो आणि दारातून परत आलो. पोरं अजून आठवण काढतात.

फ्लॉरेन्सच्या आधी किंवा नंतर सिएना होत असेल तर कॅथेड्रलच्या बाजूला एक भलीमोठी एकटी भिंत उभी दिसेल, मागे काहीच नाही. १३३९ मध्ये त्यांनी ठरवलं की आहे ते कॅथेड्रल नव्या क्रॉसच्या आकाराचा फक्त आडवा हात करायचा आणि नवीन प्रचंड हॉल जोडायचा. ९ वर्षांनी प्लेग आला. माणसंच गेली, पैसे गेले, बांधकामात त्रुटीही निघाल्या, काम थांबलं ते थांबलंच. एका प्रोजेक्टचा पैसा संपला की काय होतं ते एवढं स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि फ्लॉरेन्स. यावर मी दोन तास बोलू शकतो पण आवरतो. कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये सुरू, १३६७ मध्ये गावाने ठरवलं की घुमट असा असा प्रचंड असेल आणि बाहेरून फ्रान्ससारखे टेकू दिसता कामा नयेत. आता एवढा घुमट बांधायचा कसा हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं! पोरं होतील तेव्हा बघू म्हणून लग्न ठरवल्यासारखं. पुढची ५० वर्षं वर आठकोनी भोक तसंच, रुंदी साधारण ४५ मीटर, जमिनीपासून ५० मीटरच्या वर. घुमट बांधायला आधी खालून लाकडाची सेंट्रिंग लागते, आपल्या स्लॅबला लागते तशीच, आणि एवढी मोठी सेंट्रिंग उभी करायला लाकूडही नाही आणि ती स्वतःच्या वजनाने वाकली असती. १४१८ मध्ये स्पर्धा लावली, ब्रुनेलेस्की म्हणाला मी सेंट्रिंगशिवाय बांधतो. हा माणूस मूळचा सोनार, गवंडी नव्हेच. नंतर ऐन कामात गवंड्यांच्या संघटनेची फी भरली नाही म्हणून त्याला काही दिवस तुरुंगातही टाकलं होतं.

त्याने काय केलं तर दोन कवचं केली, आतलं जाड, बाहेरचं पातळ, मध्ये जागा. कडेचा रेटा पकडायला पिंपाला कडी मारतात तशा दगडाच्या, लोखंडाने जोडलेल्या साखळ्या आणि एक लाकडाची, आतल्या आत. आणि विटा. प्रत्येक थरात काही आडव्या विटांनंतर एक वीट उभी लावायची, पुढच्या थरात तिच्या शेजारी उभी, म्हणजे हेरिंगबोन, मासळीच्या काट्यासारखी तिरकी वर जाणारी रेघ. वर जाताना विटा आत कलत जातात, ताजी वीट घसरणार, पण दोन उभ्या विटा दोन बाजूंनी तिला पुस्तकाच्या स्टँडसारखं धरतात, चुना धरेपर्यंत. थर पुरा झाला की कडं बंद, मग तो थर स्वतःच पुढच्याची सेंट्रिंग. ४० लाखांहून जास्त विटा, १४२० ते १४३६. बैलाने फिरवायचा लिफ्टसारखा रहाट त्याने असा बनवला की बैल न वळवता दिशा बदलता यायची.

आणि हा रेनेसान्सचा पहिला नगारा वाजवणारा घुमट, त्याचा आकार नीट बघा. अर्धगोल नाही, टोकदार आहे, आठ फासळ्या आहेत. म्हणजे गॉथिक आहे! मोजमाप पँथिऑनच्या बरोबरीचं, आकार गॉथिक, पद्धत स्वतःची. म्हणून म्हटलं की झोपले-उठले असं काही झालं नाही. व्हाझारीला फ्लॉरेन्सची जाहिरात करायची होती, आणि आपण ती साडेचारशेहून जास्त वर्षं वाचतोय. बदललं काय, तर कोण पैसे देतंय ते. कॅथेड्रलचा खर्च लोकर व्यापाऱ्यांची संघटना बघत होती, अनाथालय रेशीमवाल्यांनी बांधलं, आणि या लोकांना हिशेबात बसणारी, मोजता येणारी, रोमन खानदान सांगणारी इमारत आवडत होती. त्या अनाथालयाचा, इनोचेंतीचा व्हरांडा १४१९ चा आहे, बारीक खांब, गोल कमानी, फार देखणा, आणि कमानींत आडवे लोखंडी टाय रॉड, म्हणजे दोन्ही टोकं ओढून धरणाऱ्या सळ्या. रेटा कुठे जातो म्हणाल, तर तो त्या रॉडमध्ये जातो. मी दर वेळी तिथे उभा राहून आमच्या म्हाताऱ्याची आठवण काढतो.

सान लोरेन्झोमध्ये वर बघा, सपाट छत, बारीक खांब, पातळ भिंत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची सांता सबिना परत आली, फक्त या वेळी प्रत्येक खण मोजून मापून. आणि सांता मारिया नोव्हेल्लामध्ये मासाच्चो या चित्रकाराचं ट्रिनिटी हे चित्र, १४२७ च्या सुमाराचं. सपाट भिंतीवर खोल कमानदार छत रंगवलंय, पँथिऑनसारखे कप्पे असलेलं. सगळ्या रेषा एका बिंदूला मिळतात आणि तो बिंदू साधारण उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला आहे. ओल्या गिलाव्यात दोरी दाबून, रेघा ओरखडून आखणी केलीय, काही अजून दिसतात. आमचे लोक ओळंबा आणि दोरी घेऊन करतात तेच. म्हणजे जी इमारत बांधायला लाखो खर्च झाले असते ती २५-२६ वर्षांच्या पोराने चुना आणि दोरीत बांधली, पुढच्या वर्षी तो वारला. आणि नंतर त्यावर नवीन वेदी बसवून ते चित्र झाकलं कुणी, तर खुद्द व्हाझारीने. १८६० च्या सुमारास परत सापडलं.

तर एवढ्यात काय झालं बघा: आडवी तुळई, मग जाड भिंतीवरचा काँक्रीटचा घुमट, मग परत लाकूड, मग जाड भिंतीवर दगड, मग भिंतच गायब आणि बाहेर टेकू, मग साखळ्या नि टाय रॉड. बाबांना एवढं सांगा, नावं नको.

आता व्यवहाराचं. बारा दिवसांत रोम ४, फ्लॉरेन्स ३ त्यातच सिएनाचा एक दिवस, पादुआ १ (व्हेनिसला जाता जाता), आणि उरलेलं पॅरिस. दिवसाला दोनच चर्च, तिसऱ्याला कितीही नावाजलेलं असलं तरी नाही म्हणा. व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च बघणारच आहात तर तिथेही मान वर करा, मायकेलअँजेलोच्या डिझाइनचा घुमट पँथिऑनपेक्षा किंचित लहानच आहे, आणि १८ व्या शतकात चिरा पडल्या म्हणून त्यालाही जादा लोखंडी कड्या घालाव्या लागल्या. जायच्या आधी एक रविवार मुंबईत फोर्टमध्ये काढा, रंगीत तालीम: एशियाटिकच्या टाउन हॉलला डोरिक खांब (१८३३), तिथून चालत राजाबाई टॉवर आणि युनिव्हर्सिटीचा हॉल, टोकदार कमानी आणि रंगीत काचा. सगळ्या १९ व्या शतकातल्या नकला आहेत पण नजर बसायला उत्तम, आणि ट्रेनचा पास चालतो.

फ्लॉरेन्सच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि आधी वेळ बुक करावी लागते. आईबाबांच्या गुडघ्यांवर ठरवा, त्यांना खाली कॉफी घेऊन चौकात बसवलंत तरी चालेल. तुम्ही मात्र जाच, कारण जिना त्या दोन कवचांच्या मधून जातो. वरच्या व्ह्यूच्या घाईत सगळे पळतात, तुम्ही अर्ध्या वाटेत जरा भिंतीला चिकटून मागच्यांना पुढे जाऊ द्या आणि बाजूला विटा बघा. आडव्या, आडव्या, आणि मध्येच एक उभी.